पावसाळ्यात सकाळी सुरू न होणारा संगणक : मदरबोर्ड बदलण्याआधी

प्रश्न : मालवण तालुक्यात समुद्रापासून दोन-अडीचशे मीटरवर आमचे चिऱ्याचे घर असून त्यातच होमस्टे चालतो. बुकिंग आणि बिलांसाठी २०१९ मध्ये जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे (आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०). जुलै लागल्यापासून सकाळी बटण दाबले की पंखे फिरतात, कधी लांब बीप वाजतात, पण पडदा काळाच राहतो. आठ-दहा वेळा बंद-चालू केल्यावर तो सुरू होतो आणि मग रात्रीपर्यंत काही त्रास देत नाही. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. दुरुस्तीवाल्यांनी मदरबोर्ड गेल्याचे सांगितले आहे. तो बदलावा, की लॅपटॉप घ्यावा?

उत्तर : मदरबोर्ड गेल्याचे निदान मला मान्य नाही आणि त्याचे कारण आपल्याच वर्णनात आहे. खरोखर गेलेला बोर्ड आठव्या प्रयत्नाला जिवंत होऊन रात्रीपर्यंत बिले छापत नाही. थंड असताना अडणारे आणि जरा ऊब मिळताच सुरळीत चालणारे यंत्र बहुतेक वेळा कुठल्या तरी जोडावर अडलेले असते. त्यातून हा त्रास जुलैपासूनच सुरू झालेला असल्यामुळे पहिला संशय दमट हवेवर आणि मिठावर घ्यायला हवा. मात्र यंत्र उघडण्यापूर्वी झिणझिण्यांचा बंदोबस्त करावा लागेल. तिथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे, आणि होमस्टेमध्ये कॅबिनेटला लागणारा हात एखाद्या पाहुण्याच्या लहान मुलाचाही असू शकतो.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या कॅबिनेटमधील डब्यात, वीज जिथे आत शिरते तिथे विजेतील खरखर गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) बसवलेले असतात. त्यांपैकी एक फेज आणि कॅबिनेट यांच्यामध्ये, तर दुसरा न्यूट्रल आणि कॅबिनेट यांच्यामध्ये असतो. अर्थिंग शाबूत असेल तर त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत निघून जातो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल तर हेच दोन कपॅसिटर २३० व्होल्टची निम्मी-निम्मी वाटणी करतात आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट येऊन बसतात. हा प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतका असल्यामुळे एरवी झिणझिण्यांवर निभावते. पण उद्या आतली फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर त्या विजेला जमिनीत जाण्यासाठी हात लावणाऱ्या माणसाखेरीज दुसरी वाट उरणार नाही. झिणझिण्यांवर नवा एसएमपीएस हा उपाय म्हणूनच चुकीचा आहे, कारण नव्या एसएमपीएसमध्येही तेच दोन कपॅसिटर असतात.

आपल्याकडचा जांभा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून मार्च ते मे या महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची रीत आहे. जुलैत मात्र जमीन पाण्याने भिजून चिंब असते आणि अर्थिंग वर्षातील सर्वांत चांगल्या अवस्थेत असायला हवे. अशा दिवसांतही झिणझिण्या येत असतील तर खड्ड्याला दोष देण्यात अर्थ नाही. एक तर खड्ड्यापासून घरातील विजेच्या बोर्डापर्यंतची जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा तिचा नटबोल्ट खाऱ्या हवेने गंजून तुटला आहे, किंवा त्या विशिष्ट सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला तारच जोडलेली नाही. जुन्या घरांत दुसरी शक्यता मला अधिक वेळा आढळली आहे. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्बचा भार जोडून पाहायला सांगावे, आणि संगणक चालू असताना न्यूट्रल व अर्थ यांच्यामधील व्होल्टेज मीटरने मोजून घ्यावे; ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर बल्बच्या चाचणीत ती पडेल, आणि ती पडणे हे ती काम करीत असल्याचे लक्षण समजावे. काही ठिकाणी वेळ मारून नेण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडून देतात. झिणझिण्या त्याने थांबतात हे खरे, परंतु पावसात बाहेरची न्यूट्रल तुटली की कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. असा जोड सापडला तर तो त्याच दिवशी काढून टाकावा.

आता मूळ दोषाकडे वळू. मिठाचा एक गुणधर्म इथे कळीचा आहे: हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतःच द्रव होते. स्वयंपाकघरातल्या बरणीत जुलै-ऑगस्टमध्ये आपण हेच पाहतो. नैर्ऋत्येचा वारा समुद्राचे तुषार आणतो, त्यांतले मीठ धुळीबरोबर बोर्डावर, रॅमच्या खाचेत आणि यूएसबीच्या तोंडांवर वर्षभर साचत राहते, आणि पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांच्या खाली येत नाही, तेव्हा त्या थराची एक अतिशय पातळ, वीज वाहणारी खारट ओल तयार होते. रात्रभर बंद असलेल्या यंत्रात सकाळी ही ओल पुरती मुरलेली असते. आपण आठ-दहा वेळा बंद-चालू करता तेव्हा तेवढ्या वेळात प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम थोडेथोडे तापतात, ओल उडते आणि संपर्क जुळतो. हेच यंत्र याच निष्काळजीपणाने पुण्यात वापरले असते तर कदाचित आणखी चार वर्षे कुरकुरले नसते.

लांब बीप आणि काळा पडदा यांचा अर्थ बोर्डाच्या कंपनीनुसार थोडा बदलतो, परंतु पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या लांब बीपचा रोख बहुधा रॅमकडे असतो. म्हणून सुरुवात तिथून करावी. प्लग भिंतीतून काढावा, त्यानंतर कॅबिनेटचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे बोर्डावर उरलेला भार निघून जाईल, मग रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडवून पट्टी बाहेर काढावी. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट किंवा हिरवट डाग दिसले तर निदान जवळजवळ पक्के समजावे. डाग दिसले नाहीत तरी पट्टी साफ करावीच.

ही सफाई खोडरबराने करण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि ती मला अजिबात पसंत नाही. त्या पट्ट्यांवरील सोन्याचा मुलामा मायक्रॉनच्याही आतला असतो; त्याच्याखाली निकेल आणि त्याखाली तांबे असते. रबराने घासले की संगणक त्या दिवशी सुरू होतो, गिऱ्हाईक खूश होते, पण मुलामा झिजून खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट जोमाने धरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. तंतू न सुटणाऱ्या कापडाचा तुकडा त्यात भिजवून पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात. औषधाच्या दुकानातील ७० टक्क्यांच्या द्रावणात बाकीचे पाणीच असते, आणि हात धुण्याच्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असल्यामुळे त्याचा चिकट थर मागे राहतो, म्हणून ही दोन्ही वापरू नयेत. रॅमच्या खाचेत काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून मऊ ब्रश फिरवावा. गंज सोडवण्यासाठी बिजागऱ्यांवर मारतात तो तेलकट स्प्रे इथे चालत नाही, कारण त्याच्या थरावर धूळ आणखी चिकटते. बोर्डावरची धूळ नुसत्या ब्लोअरने जाणार नाही, कारण किनाऱ्यावरची धूळ मिठाने चिकट झालेली असते. ती ब्रशने सुटी करून मगच उडवावी, आणि तसे करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. सर्व काही पूर्ण वाळल्यावर, अर्धा तास तरी थांबून, रॅम दोन्ही खिट्ट्या आपोआप बसेपर्यंत दाबून बसवावी. आपल्याकडे दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून पाहावी, मग तीच दुसऱ्या खाचेत.

एवढ्याने भागले नाही तर बोर्डावरील नाण्यासारखा सेल पाहावा. सीआर २०३२ या नावाचा हा सेल ३ व्होल्टचा असतो आणि सहा वर्षांत तो संपलेला असणे स्वाभाविक आहे. दररोज सकाळी घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल, किंवा बँकेची आणि जीएसटीची संकेतस्थळे ‘प्रमाणपत्र वैध नाही’ असे सांगत असतील, तर कारण हेच असते. किरकोळ किमतीचा सेल आहे. मोजत बसण्यापेक्षा सरळ नवा टाकावा.

पुढच्या बाजूची यूएसबीची तोंडे मात्र बारकाईने पाहावीत, कारण ती समुद्राच्या वाऱ्याला थेट सामोरी असतात आणि दुरुस्ती करणारे बहुतेक जण त्यांच्याकडे बघतही नाहीत. आतल्या पिना गंजून एकमेकींना भिडल्या की काही बोर्ड यूएसबीवर जादा प्रवाह आढळल्याचा संदेश देऊन पंधरा सेकंदांत यंत्र बंद करतात, तर काही बोर्ड संदेश न देता तिथेच अडून राहतात. पुढच्या तोंडांची वायर बोर्डावरून सोडवून ठेवली आणि संगणक रोज सकाळी निमूट सुरू होऊ लागला, तर दोषी सापडला. मागची तोंडे वापरून काम चालवता येते.

यानंतर पाळी एसएमपीएसची. त्यातील कपॅसिटर जुने झाले की तेही थंड असताना अडतात, त्यामुळे लक्षणे तंतोतंत सारखी दिसू शकतात. ओळखीच्या दुकानदाराकडून चालू अवस्थेतील एसएमपीएस एका रात्रीपुरता आणून लावावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. संध्याकाळी, यंत्र गरम असताना, केलेल्या चाचणीला काही किंमत नाही. जुना एसएमपीएस घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंतचा भार असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. या सर्व गोष्टींनंतर, फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि चांगला एसएमपीएस एवढेच जोडूनही सकाळी पडदा काळा राहिला, तर मदरबोर्डवर बोट ठेवण्यास हरकत नाही.

दोष निघाल्यावर तो पुढच्या श्रावणात परत येऊ नये यासाठी सर्वांत मोठा उपाय फुकट आहे: पावसाळ्यात यंत्र रोज चालू ठेवणे. बाहेरची हवा २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची असेल आणि कॅबिनेटच्या आत तीच हवा ३५ अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे मीठ ओले होण्याच्या मर्यादेच्या बरीच खाली. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास तरी ते चालू असावे. स्लीपमध्ये ठेवल्याने ऊब मिळत नाही, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. पावसाळ्यात पाहुणे नाहीत म्हणून संगणक प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळून ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे, ती यंत्राला मारक ठरते, कारण आत कोंडलेली दमट हवा बाहेर पडत नाही. बंद असताना सुती कापड टाकावे, चालू असताना काहीही टाकू नये. सिलिका जेलच्या पुड्या हवाबंद डब्यात काम करतात. चारही बाजूंनी भोके असलेल्या कॅबिनेटमध्ये त्या टाकणे म्हणजे मनाचे समाधान. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर, पश्चिमेच्या खिडकीसमोर न ठेवता आतल्या खोलीत, आणि पावसात पाझरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. आत पाल आणि मुंग्या शिरण्याच्या वाटा, विशेषतः मागच्या बाजूच्या रिकाम्या फटी, पत्र्याने बंद कराव्यात. एसएमपीएसवर भाजून मेलेली पाल हे कोकणातील दुरुस्तीच्या टेबलावरचे नित्याचे दृश्य आहे.

मुंबईला राहणाऱ्या आणि गणपतीला घर उघडणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त त्यांच्या बाबतीत यूपीएसची बॅटरी अधिक लवकर जाते. शिसे-आम्लाची बॅटरी बंद घरात महिनोन्‌महिने चार्ज न होता पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती परत भरत नाही.

आपल्याकडे यूपीएस असल्याचा उल्लेख नाही. पावसाळ्यात लाइट दिवसातून किती वेळा जाते-येते हे मी आपल्याला सांगायला नको, म्हणून ६०० व्हीएचा एक घ्यावा. त्यातील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर आपला संगणक दहा-पंधरा मिनिटे तग धरेल. तो वेळ काम करत राहण्यासाठी नसून बिल सेव्ह करून नीट बंद करण्यासाठी आहे. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नये. त्यातील तापणारा रूळ एकदम इतका प्रवाह ओढतो की यूपीएस लोळण घेतो. इन्व्हर्टर आणि यूपीएस असे दोन्ही असताना साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर काही यूपीएस सतत टकटकत बॅटरीवर जातात, तेव्हा विकत घेण्याआधी घरच्या इन्व्हर्टरवर लावून पाहू देण्याची अट दुकानदाराला घालावी.

विजांसाठी यूपीएसवर भरवसा ठेवू नये, आणि अर्थिंग नसताना तर मुळीच नाही, कारण त्यातील संरक्षक घटकांना जादा वीज उतरवण्यासाठी जमीनच मिळत नाही. कोकणात विजा भर पावसाळ्यात कमी आणि त्याच्या दोन टोकांना जास्त असतात: मृगाच्या आधीच्या वळवाच्या सरींत आणि परतीच्या हस्ताच्या पावसात. त्या दिवसांत दुपारी ढग दाटून आले की प्लग भिंतीतून काढावा आणि त्याबरोबर राउटरकडून येणारी लॅनची वायरही. फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज येत नाही, ती राउटरच्या अडॅप्टरमधून येते आणि लॅनच्या वायरीने बोर्डापर्यंत पोहोचते. संगणकाचा प्लग काढला होता, तरी लॅन पोर्ट जळाला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या घरी हीच वायर लावलेली राहिलेली असते.

लॅपटॉपविषयी. त्याला स्वतःची बॅटरी असल्यामुळे यूपीएस लागत नाही आणि गडगडाट सुरू झाला की तो उचलून बाजूला ठेवता येतो, हे त्याचे दोन मोठे गुण आहेत. परंतु खारी हवा त्याच्या कीबोर्डच्या पातळ पट्ट्यांना आणि चार्जिंगच्या तोंडाला लवकर ग्रासते, अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, आणि सुटा भाग मालवणात काय, कुडाळात किंवा कणकवलीतही त्या दिवशी मिळेलच असे नाही. आपल्या होमस्टेत एसीच्या खोल्या असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: २२ अंशांच्या खोलीतून लॅपटॉप एकदम पडवीत आणला तर बाहेरच्या दमट हवेतील पाणी त्याच्या थंड अंगावर आणि आतही दवासारखे जमते, म्हणून तो पिशवीतच ठेवून बाहेरच्या तपमानाला येऊ द्यावा आणि मग सुरू करावा. एका जागी बसून बुकिंग आणि बिले करण्याच्या कामासाठी, आपल्यासारख्या ठिकाणी, मी डेस्कटॉपच्याच बाजूने आहे. फिरस्तीची गरज असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्या डेस्कटॉपवर खर्च करायचाच असेल तर तो एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, करावा. १ टीबीची फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम दीडशे मेगाबाइट वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि लहानलहान फायलींच्या बाबतीत तर हा फरक कितीतरी पट वाढतो. सहा वर्षांचे यंत्र नवे वाटू लागते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून बँकेचे व्यवहार करणाऱ्या संगणकावर ती पुढे चालू ठेवणे योग्य नाही. आपला आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो. तरीही ‘हा संगणक पात्र नाही’ असा संदेश आला तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पीटीटी नावाचा पर्याय बंद असण्याची शक्यता मोठी आहे. तो चालू केला की विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएम २.० या सुरक्षा-घटकाची अट पूर्ण होते. नव्या एसएसडीवर विंडोज ११ कोरी बसवावी आणि जुनी डिस्क वर्षभर तशीच जपून ठेवावी. बिलांची प्रत मात्र घराबाहेर, गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी, रोज जायला हवी. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात ज्यांचा बॅकअप संगणकाच्याच टेबलाच्या खणात होता, त्यांचे दोन्ही एकाच पाण्याखाली गेले.

एवढे करूनही बोर्डच बदलण्याची वेळ आली, तर एक सावधगिरी बाळगावी. आठव्या पिढीच्या प्रोसेसरला इंटेलच्या ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) असलेलाच बोर्ड लागतो. १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांचे सॉकेट दिसायला हुबेहूब तसेच असते, प्रोसेसर त्यात बसतोही, पण चालत नाही. हे बोर्ड आता बहुतेक वापरलेलेच मिळतात आणि तेही मुंबईहून मागवावे लागतात, म्हणून बिलावर मालिकेचे नाव लिहून घ्यावे, आपल्यासमोर सुरू करून दाखवण्याचा आणि निदान तीन महिन्यांत परत घेण्याचा आग्रह धरावा, आणि आपला जुना बोर्ड मागून घ्यावा. दुरुस्तीवाले एवढ्याला राजी नसतील, किंवा किंमत नव्या मिनी पीसीच्या निम्म्यावर जात असेल, तर तो बोर्ड घेऊ नये. जुनी रॅम आणि एसएमपीएस विकून नव्या यंत्राकडे वळावे आणि एसएसडी त्यात बसवून घ्यावी.